धूर दिसला नाही तेव्हा

बस, तेल्मो. दुर्बीण आधी खाली ठेव.
पहिला आठवडा नुसत्या डोळ्यांनी बघायचं,
डोंगर पाठ होईपर्यंत.
ही पितळी तबकडी. हिच्यावर तीनशे साठ रेघा,
आणि एकशे बाराच्या पुढे
माझ्या आधीच्या माणसाने चाकूने कोरलेलं
बायकोचं नाव. तिकडे तिचं माहेर होतं.

धूर दिसला की आग आहे,
हे शेंबडं पोरही सांगतं. त्याचा पगार मिळत नाही.
पगार मिळतो तो धूर आहे का, हे ठरवण्याचा.
पहाटे नदीवरून उठतं ते धुकं. ते पसरतं, त्याला मूळ नसतं.
ट्रॅक्टरची धूळ पिवळट, आणि ती चालत राहते.
निलगिरी पेटली तर धूर आधी पांढरा, मग एकदम काळा,
आणि तोवर तू रेडिओवर बोलत असायला हवास.
मी एकदा चुन्याच्या भट्टीवर तीन बंब धाडले.
थेंबही न सांडता परत आले,
आणि वर्षभर माझ्या पावात चुना शोधत राहिले.

एकटीची रेघ म्हणजे फक्त दिशा.
आग त्या रेघेवर कुठेही असेल,
खालच्या ओढ्यात, नाहीतर थेट स्पेनमध्ये.
पलीकडच्या मनोऱ्यावरून झुल्मिरा तिची रेघ सांगते,
दोन्ही छेदतात तिथे बोट ठेवायचं.
बावीस उन्हाळ्यांत मी झुल्मिराला तीनदा भेटलेय.
तिच्यावाचून माझं एकही म्हणणं पुरं झालेलं नाही.

आता ते घर बघ, अंजिराशेजारचं.
एवारिश्तु राहतो, एकटा.
रोज सव्वासहाला धुरांड्यातून धूर, सुपाचा.
गेल्या जूनमध्ये एक दिवस आला नाही.

नियम उलटा फिरवता येत नाही, ठाऊक होतं मला.
धूर नाही म्हणून आग नाही, असं नसतं :
लोहाराचा लालबुंद गोळा कुठे धुरतो?
आणि आग नाही म्हणून माणूस नाही,
ही तर सुतावरून स्वर्गाला निघालेली गोष्ट.
सात वाजले.
साडेसात.
तर्क पायरी-पायरीला लंगडत होता,
आणि तरी माझ्या पुढे धावत होता.
रेडिओवर विचारलं, ग्रासिएत, आग आहे का कुठे?
म्हटलं, नाही. म्हणूनच बोलावतेय.

माणसं गेली. म्हातारा थंड चुलीपुढे बसून
पाव गार दुधात बुडवून खात होता.
धुरांड्यात पाकोळीने पिल्लं काढली होती.
ती उडेपर्यंत चूल बंद, म्हणाला,
हे कुणाला कळवायचं असतं का?

नोंदवहीत आहे बघ, माझ्याच अक्षरात :
अनुमान चुकलं. कारण : पक्षी.
पुढे साहेबांचं लाल प्रश्नचिन्ह.
इतक्या आनंदाने मी दुसरी कुठलीच चूक
लिहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशीही धूर नव्हता.
कारण माहीत होतं, पिल्लं माहीत होती,
तरी सव्वासहाला मान तिकडे वळलीच.
अजून वळते. याला काय म्हणतात
ते प्रशिक्षणात सांगितलं तर मलाही सांग.

थांब.
दोनशे सातवर, कड्याच्या मागे. ते काय?
धुकं म्हणतोस?
घाई नको. पायथा बघ.