एक वळण खाली

वरून पाहिलं तर रंग संपतो
तिथे लिमा शहर संपतं.
पुढे नुसती टेकड्यांची राखाडी
आणि तिच्यावर निळे ठिपके.
ठिपका म्हणजे पिंप.
पिंप म्हणजे घर,
निदान मी तरी घरं तशीच मोजतो.

रात्री टँकर धुऊन झाला की
विल्बेर मोबाइल भिंतीला टेकवतो.
काच तडकलेली,
उजव्या कोपऱ्यात दोन गल्ल्या कायमच्या फुटलेल्या.
उद्याची टेकडी आम्ही बोटांनी मोठी करतो.
चौदा ठिपके. बारा. इथे सहा, पण त्यातला एक टायर असेल.
गाडी कुठवर जाईल ते सावलीवरून कळतं:
सावली लांब तर कडा उंच,
कडा उंच तर पाइप पुरणार नाही,
पाइप पुरला नाही तर विल्बेर बादल्या वाहणार
आणि मला शिव्या घालणार.
नकाशाला चढ दिसत नाही. क्लचला दिसतो.

जून ते सप्टेंबर वर बोनेटपुढचं दिसत नाही.
पाऊस नाहीच, नुसतं धुकं गळत राहतं,
कपडे वाळत नाहीत, कुत्री फक्त ऐकू येतात.
मोबाइलवर मात्र लख्ख ऊन!
एक डोळा उन्हात, एक धुक्यात,
असा मी गाडी चढवतो,
शेवटचं वळण तर रिव्हर्समध्ये.
डावीकडची दरी तेवढी दोन्हीकडे सारखीच.

दोमितिलाबाई फोनवर म्हणाल्या,
पत्ता नाही. रस्त्याला नाव नाही.
दगडी बांध तीन सोड, चौथ्यावर हिरवं दार.
मी पाहिलं. तिथे वाळू होती.
"बाई, तुम्ही राहता तिथे काहीच नाही."
"मग त्या काहीच-नाहीत दोन पिंपं ओत."

ओतली.
पैसा पाण्यासारखा जातो म्हणतात,
इथे पाणी पैशासारखं जातं,
मोजून, खळखळ न करता.
पिंप भरेपर्यंत त्यांनी एप्रनला हात पुसले,
मोबाइल मागून घेतला, वाळूवर बोट ठेवलं.
"हा काळा दगड बघ. फोडायला अकरा दिवस लागले.
आता तू उभा आहेस त्या बांधात आहे तो.
म्हणजे फोटो आमच्या आधीचा."
आणि हसल्या,
नवऱ्याचा लग्नाआधीचा फोटो सापडावा तशा.
मग विचारलं, "ते वरून परत कधी जातं?"
ठाऊक नाही, म्हटलं.
"किती वाजता?"
सावल्या पश्चिमेला पडल्यात, म्हणजे सकाळीच.
"सकाळी मी झाकणं पुसत असते,"
एवढंच बोलल्या.

दीडेक वर्ष गेलं.
विल्बेर इकाला गेला, द्राक्षांच्या मळ्यात.
आता भिंतीला मोबाइल मीच टेकवतो.
एका रात्री टेकडी मोठी करता करता
बोट थांबलं.
वाळू नव्हती. पत्रा होता,
पत्र्यावर चार विटा,
आणि दारापुढे निळ्या ठिपक्यांची रांग. पाच.
एकाचं झाकण काढलेलं, आत काळं.
आणि एक वळण खाली
पांढरा लांबट चौकोन.
टपावरचा गंजाचा डाग मी लगेच ओळखला.

कुठला दिवस असेल?
मंगळवार, कारण ती फेरी मंगळवारची.
ऊन आहे, म्हणजे फेब्रुवारीच्या आसपास.
बाकी काही आठवत नाही.
चित्रात मी अजून चढतोच आहे,
पहिल्या गिअरमध्ये,
मागे पाणी डचमळतंय,
आणि पोचत नाही.

पुढच्या मंगळवारी बाईंना दाखवलं.
वाटलं, आधी घर पाहतील.
त्या गाडीकडेच बघत राहिल्या.
"हॉर्न वाजवला होतास," म्हणाल्या,
"म्हणून तर झाकण उघडं आहे."