तेरावी थाप

पहाटे पाचला, चहात पाव बुडवत
बापाने विचारलं, आज कुठे?
कारा-चुंकुर, मी म्हटलं.
काळा खड्डा.
तो फक्त खोकला.
एकोणीस वर्षं कोळशाच्या पोटात काढलेल्या माणसाला
खड्ड्याच्या नावाचं काय कौतुक.

खाण बंद झाली.
कामगारांच्या बराकीत आता
स्की उभ्या असतात भिंतीला टेकून,
आणि आमचा बर्फ बघायला
लोक विमानं बदलत बदलत येतात.

आजचे दोघे भाऊ, बव्हेरियाचे.
मागे एसेन, पुढे मी.
तिन्ही बाजूंनी उभे उतार, मधोमध आम्ही,
वाटीच्या तळाला राहिलेली चार शितं.
रात्रीत चाळीस सेंटिमीटर पडलाय
आणि त्यावर एक रेघ नाही.
कोऱ्या पाटीवर पहिलं अक्षर काढायची
तशी घाई धाकट्याच्या गुडघ्यांना.

मी खाली बघते.
छातीइतकं खणते फावड्याने.
वरचे थर घट्ट, एकावर एक,
घडी घालून ठेवलेल्या पांघरुणांसारखे.
तळाशी नोव्हेंबर.
नोव्हेंबरचा पहिला बर्फ, थंडीने पोखरून पोखरून
जाड साखर झालेला;
मुठीत धरावा तर मूठ रिकामी.
अख्खा हिवाळा त्या साखरेवर उभा.

फावडं आडवं ठेवून मोजते.
मनगटातून दहा थापा. काही नाही.
कोपरातून अकरा, बारा,
तेराव्या थापेला
सगळा ठोकळा पुढे सरकला,
ड्रॉवर उघडावा तसा,
आवाजसुद्धा न करता.

बाप खाणीत सळईने छत ठोकायचा.
चांगलं छत खणखणतं, म्हणायचा,
आणि जे बद्द वाजतं
त्याच्याखाली आपला डबासुद्धा ठेवू नये.
एसेनच्या बापाने ठेवला होता.

पण उतार तर शांत आहे, थोरला म्हणाला.
शांतच असतो.
धाकटा काही बोलला नाही,
बुटाने थोडा बर्फ उडवला.

तेवढ्यात पायाखाली, कुठेतरी खोल,
सगळ्या खोऱ्याने एकदाच श्वास सोडला.
हुप्प.
एसेनने माझ्याकडे पाहिलं.

चौथीही मुलगीच झाली तेव्हा
माझं नाव ठेवलं बुरुल.
बुरुल म्हणजे वळ.
आता तरी वळ, मुलाकडे वळ,
असं ते नशिबाला सांगणं होतं.
(नशीब वळलं नाही. माझ्यानंतर जिपार.)
शाळाभर चिडवून चिडवून झिजलेलं ते नाव
मी मोठ्यांदा उच्चारलं
त्या दोघांना कळेल अशा भाषेत.
एकेक जण. मध्ये पन्नास पावलं. आल्या वाटेने.

कारा-चुंकुर त्या दिवशी कोसळला नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
मे महिन्यात मुकाट वितळला,
आणि घोडे ते पाणी प्यायले.
धाकट्याने निघताना हात दिला, नजर नाही.

मी चुकले का?
बाप शेगडीत कोळसा सारत होता.
म्हणाला, न पडलेल्या छताची गोष्ट
कोणी सांगत नाही.
मग बोटाच्या पेराने टेबल ठोकलं,
एकदाच,
आणि कान दिला.