आधी नारळ सुकू दे

सावईवेऱ्याला आमच्या कुळागरात एक तळी आहे,
चिऱ्याची, चौकोनी, अकरा पायऱ्यांची.
पोफळींना शिंपण झालं की तिला दिवसभर काम नसतं.
मे महिन्यात मुलांनाही नसतं.

शाणू पाडेली शिकवायचा.
सोडणासकट दोन सुके नारळ, मध्ये काथ्याची दोरी,
दोरीवर छाती टाकायची, नारळ दोन्ही काखांशी.
पुढचं पाणी बघून घेतं, म्हणायचा.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं,
जणू डाळीला किती शिट्ट्या.
त्यानं कोयत्याच्या पाठीनं एक नारळ वाजवला, कान लावला,
आणि माझ्या हातात दिला.
"आधी हा सुकू दे."

रुझारच्या सावियोला चार दिवस लागले.
पाचव्या दिवशी नारळ डोक्यावर घेऊन तो काठानं नाचला,
घसरला, पडला, आणि पडल्या पडल्या पोहत निघून गेला.
नणंदेच्या जुळ्यांना पणजीत एकवीस दिवस:
निळ्या फरशीचा तलाव, शिट्टीवाले सर,
प्रमाणपत्र अजून फ्रिजवर आहे.

आमची कस्तुरी पहिला मे महिना तिसऱ्या पायरीवर बसली.
पिटुकले मासे अंगठ्याला लुचायचे, ती त्यांना नावं ठेवायची.
बाकी मुलं उड्या मारून मासे पळवतात
एवढीच तिची तक्रार.
दुसऱ्या वर्षी नारळांवर पालथी झाली.
दोरीनं काखा सोलवटल्या, रात्री मी तेल लावलं,
नारळाच्या जखमेला नारळाचंच.
तिसऱ्या वर्षी कांजिण्या.
ऐन उन्हाळ्यात माजघरात पडून
ती तळीचे आवाज ऐकत होती:
हा सावियो, ही वरच्या घरची प्रतिमा,
हा कुणीतरी पोटावर पडला.

घरात लोक बोलायचे. सातवी संपत आली हिची.
मला स्वतःला पोहता येत नाही, हे कुणी बोलत नसे,
पण मी पाचव्या पायरीखाली कधी गेले नव्हते.

चौथ्या वर्षी, दुपारी, शाणू जेवायला गेला होता.
पोफळीत माकडं आली म्हणून मी उठले,
खडा मारला, ओरडले,
आणि वळून पाहिलं तर
तळीच्या मधोमध नारळांची जोडी
एकटीच तरंगत होती.

किती वेळ, ते मला विचारू नका.
सहाव्या पायरीवर मी होते, सातव्या, लुगडं फुगून वर आलेलं,
पाणी कमरेला, पाणी हिरवं,
त्यात पोफळींची उलटी झाडं हलत होती,
आणि माझ्या तोंडून तिचं नाव निघत नव्हतं,
माशांची निघत होती. तिनं ठेवलेली.

पलीकडच्या काठाला खोकल्याचा आवाज.
केस तोंडावर, नाक वाहतंय.
"आई, तू पाण्यात काय करतेयस?
माझा टॉवेल भिजला ना!"

मी तिला मारलं. मग जवळ घेतलं.
मग परत एक मारली, टॉवेल पिळता पिळता.

ती जोडी मागच्या पडवीत खुंटीला राहिली.
पावसात एका नारळाला सोडण फोडून कोंब आला.
शाणूनं तो तळीच्या कडेला लावला, बोलला काही नाही.
पुढल्या वर्षी झाडावरून उतरताना त्याचा गुडघा गेला,
आता त्याचा मुलगा यंत्र लावून चढतो
आणि पोहण्याबद्दल त्याला काही विचारायची सोय नाही.

कस्तुरी मडगावला नोकरीला आहे.
पोहते का, कुणास ठाऊक. फोनवर तो विषय निघत नाही.
माड मात्र यंदा पहिल्यांदा धरला,
सात नारळ, त्यातले दोन माकडांनी नेले.

काल दिराचा नातू तिसऱ्या पायरीवर येऊन बसला,
पाय पाण्यात, नजर माझ्याकडे.
"आजी, मला किती दिवस लागतील?"

मी वर पाहिलं.
अजून हिरवे आहेत.