घर हवाली करताना

बूट काढू नकोस काझिक, आधी तळघरात जायचंय.
बॅटरी घे. तिसरी पायरी हलते, कठड्याला धर.

घर घ्यायला येणारे स्वयंपाकघर बघतात,
खिडकीतलं ऊन बघतात.
तू आधी नाकानं बघ.
ओल लपत नाही. नव्या रंगाचा वास
जिथे गरजेपेक्षा जास्त येतो
तिथे नखानं खरवड.

बफेलोत सगळे जानेवारीला भितात. मी मार्चला भिते.
बर्फ वितळायला लागला की घर खरं बोलायला लागतं.
म्हणून सौदा तेव्हाच कर
आणि पाणी उपसायचा पंप स्वतः चालवून बघ.
विकणाऱ्याच्या ‘चालतो हो’वर विसंबून
तुझ्या काकांनी बाविसशे डॉलर घातले,
तेव्हाचे बाविसशे.

हिशोब असा मांड:
वर्षाची भाडी बारा, तू दहाच धर.
एक रिकाम्या राहिलेल्या महिन्याचं,
एक त्या छपराचं, जे अजून गळलेलं नाही.
दहांत भागत नसेल
तर घर कितीही देखणं असू दे,
टोपी घाल आणि बाहेर पड.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
बांधणं सोपं रे. भाड्यानं देऊन पाहावं.

खाली अब्दुलमलिक. तेवीस नंबरची बस चालवतो,
पहाटे चारला उठतो, म्हणून रात्री आठनंतर
त्याच्या डोक्यावर काही ठोकायचं नाही.
वर नॉ एह पॉ, तिची आई, तीन मुलं.
थायलंडच्या सीमेवरच्या छावणीतून आले ते,
तिथे पाणी बादलीनं मोजून मिळायचं.
पहिल्या हिवाळ्यात तिनं सगळे नळ गच्च आवळले,
थेंब वाया जाऊ नये म्हणून.
पाइप फुटला, जिना गोठला.
दुरुस्तीचं बिल तिच्या हातात द्यायला निघाले होते मी.
अर्ध्या वाटेत कळलं,
कडाक्याच्या थंडीत नळ जरा सोडून ठेवायचा
हे तिला सांगितलंच कोणी नव्हतं.
सांगायचं काम माझं.
आता मोरीवर कागद चिकटवलाय,
तिच्या मोठ्या मुलाच्या गोल गोल अक्षरात.
मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही.
पाइप मात्र पुन्हा फुटला नाही.

अनामत रक्कम तुझी नाही. वेगळ्या खात्यात ठेव,
छप्पर उडालं तरी तिला हात लावू नकोस.
माणूस राहायला येईल त्या दिवशी
भिंतींचे, शेगडीचे, न्हाणीघराचे फोटो काढ,
तो शेजारी उभा असताना.

भाडं पाच तारखेपर्यंत आलं नाही तर सहाला फोन.
ओरडायला नाही, विचारायला.
सवलत द्यावीशी वाटली तर दे,
पण लिहून दे: किती, कधीपर्यंत.
तोंडी केलेली दया
पुढच्या वर्षी भांडण होऊन परत येते.

आणि पावती. दर महिन्याला, प्रत्येकाला,
सख्ख्या भावालासुद्धा.
तुझा बाप वर राहायचा, नॉ एह पॉ राहते तिथेच.
तो म्हणाला, नोव्हेंबरचे दिले. मी म्हणाले, नाही.
एकाच जिन्यावरून नऊ वर्षं
आम्ही मान खाली घालून गेलो.
तो गेल्यावर मी वही तीनदा तपासली.
नोव्हेंबरच्या रकान्यात कॉफीचा डाग आहे.
डागाखाली काही आहे की नाही,
खिडकीपाशी धरूनही कळत नाही.

हा घे जुडगा. लाल दोरा खालच्या दाराला, निळा वरच्या.
ही पितळेची कशाची ते आठवत नाही.
फेकू नकोस.
किल्ली आहे म्हणून कुणाचं दार उघडायचं नसतं,
आदल्या दिवशी कळवायचं.
मी काल कळवलंय. वरच्या धुराच्या अलार्मची
बॅटरी बदलायची आहे, तुझ्याच हातानं बदल.
जेवायला थांब म्हणेल ती. थांब.
भाड्याचा विषय मात्र ताटावर काढू नकोस.

चल, पुढे हो. माझे गुडघे हळू येतील.
आणि दार ठोठाव आधी.