उतरलेला सूर

इथं एकही झाड नाही.
कॅनडातून निघालेला वारा थेट
आमच्या दफनभूमीच्या कुंपणालाच येऊन थटतो
आणि लोखंडी क्रूसांमधून जाताना
जरा बारीक होतो.

मी इथलं गवत कापतो. तासाला चौदा डॉलर,
पेट्रोल चर्चचं.
मी स्वतः लूथरन, आजोबा नॉर्वेचे.
गवताला ते माहीत नाही.
घडीव लोखंडाचे एकेचाळीस क्रूस आहेत:
कुठं सूर्याची किरणं, कुठं वेलबुट्टी,
कुठं बोटभर देवदूत, त्याचा एक पंख गंजानं नेलेला.
खाली ओडेसाकडून आलेली जर्मन माणसं,
येताना गव्हाचं बी आणि लग्नाची गाणी
एकाच पेटाऱ्यात घालून आणलेली.

शनिवारी लुडविना हाइट येते.
वय एक्याण्णव. मुलाच्या पिकअपमधून उतरायला
तिला बराच वेळ लागतो. उतरल्यावर मात्र
ती कुणासाठी थांबत नाही.
पर्समध्ये जपमाळ, आणि जपमाळेत गुंतलेल्या
दोन बारीक काठ्या, टोकाला कातडं गुंडाळलेल्या.
हाकब्रेटच्या. तारा ताणलेली ती लाकडी पेटी
तिनं चाळीस वर्षं लग्नांतून वाजवली,
तीन-तीन दिवस चालणाऱ्या,
जळक्या साखरेच्या दारूनं चिकट झालेल्या लग्नांतून.

आता ती क्रूस वाजवते.

टण्.
"हा कास्पर. याला पोल्का झेपायचा नाही,
गुडघा अधू. वॉल्ट्झ मागायचा,
आणि वॉल्ट्झमध्येही बसून घ्यायचा."

टिंग.
"ही रोझिना. लग्नात हिचा बूट पळवला पोरांनी.
नवऱ्यानं वीस डॉलर देऊन सोडवला
आणि पुढं एक्कावन्न वर्षं ते वीस डॉलर
हिला ऐकवले."

एका छोट्या क्रूसाशी ती काठी उचलते,
पण मारत नाही.
हात तसाच क्षणभर वर.
मी यंत्र बंद करून उभा राहतो,
कानात अजून त्याचीच घरघर.

मागं बिस्मार्कहून एक माणूस आला होता,
कॅमेरा, फूटपट्टी, नोंदवही घेऊन.
या हृदयाचा अर्थ काय, या किरणांचा काय,
सारखं विचारत होता.
लुडविनानं त्याच्या ओंजळीत सूर्यफुलाच्या बिया ओतल्या.
"सालं गाडीत टाकू नकोस," एवढंच म्हणाली.

हे सगळे क्रूस रोखूस वांगलरनं घडवले.
लोहार. लग्नात तो दाराशी उभा राहायचा,
नाचला कधीच नाही. हाकब्रेटच्या खुंट्या पिळायला
त्यानं तिला एक किल्ली करून दिली होती,
क्रूसांच्याच उरल्या सळईतून.
ती तिच्याकडं अजून आहे. कुठं, ते सांगत नाही.
रोखूस गेला तेव्हा भात्यावर दुसरं कुणी नव्हतं.
त्याच्या डोक्याशी सिमेंटचा ठोकळा,
साच्यातून काढलेला, नावातलं एक अक्षर चुकलेलं.

ठप.
दर शनिवारी ती तिथंही काठी मारते.
ठप. आणि मग पुष्कळ वेळ उभी.

जुलैत माझ्या यंत्राचं पातं बदललं.
जुनं फेकायला निघालो होतो, झिजलेलं,
काठावर दगडांचे दात पडलेलं.
मग काय वाटलं कोण जाणे.
घासलं, तेल लावलं, आणि एका खांबाला तारेनं बांधून
सिमेंटच्या शेजारी लटकवलं.
फादरनी पाहिलं. आभाळाकडं बघत
पावसाचं काहीतरी बोलले.

शनिवारी ती आली. कास्पर, रोझिना, ओळीनं सगळे.
मग तिथं पोचली. पात्याकडं बघितलं,
माझ्याकडं नाही.
काठी मारली.

आवाज कुंपणापर्यंत गेला,
जवसाच्या निळ्या शेतात जरा पुढंही गेला असेल.

"उतरलाय सूर," ती म्हणाली,
आणि पर्समधून दुसरी काठी काढली.