तुकडी एकतीस

का माऊच्या कारखान्यातून
बुधवारी टरफलांची पोती येतात,
जिन्यावर गुलाबी पाण्याचा ओघळ सोडत.
प्रयोगशाळेतले सगळे नाकाला रुमाल लावतात.
मी लावत नाही.
लहानपणी मा रात्रपाळीहून यायची
तेव्हा मच्छरदाणीत आधी हा वास शिरायचा,
मग तिचा हात.

टरफलं आधी आम्लात, मग कॉस्टिकमध्ये.
चुना जातो, प्रथिनं जातात, रंग जातो.
तिसऱ्या दिवशी उरतं ते कायटोसान,
पांढरं, आणि इतकं हलकं
की वजन करताना पंखा बंद ठेवावा लागतो.

त्यात भरायचा चमच्याच्या वेलीचा अर्क.
आमच्याकडे तिला असंच म्हणतात,
शेंग उकलली की दोन चमचे होतात, सूप प्यायचे.
तिचं पान चावून वर साखर खाल्ली
तर जीभ साखरेला ओळखत नाही.
शाळेत आम्ही पैज लावायचो.
वाळू, वाळू, म्हणून ओरडायचो.

पण पोटात उतरलेला अर्क
निम्मा तिथल्या आम्लातच मरतो,
उरलेला आतड्याच्या दाराशी घुटमळून
बाहेरच्या बाहेर निघून जातो.
म्हणून त्याला हे टरफलाचं घर,
आणि घरावर समुद्रशेवाळाचा लेप.
आम्लात मिटून राहावं, पुढे गेल्यावर उमलावं,
आणि काम झालं की मागे काही उरू नये.
चिएत सर अहवालात याला गुणधर्म म्हणतात.
मला कारखान्यातल्या बायका आठवतात.

तुकडी एकतीस
सत्ताविसाव्या मिनिटाला फुटली.
आम्लातच. अर्क सगळा बाहेर,
चहासारखा.

त्या शनिवारी घरी गेले,
रिकाम्या कणांची एक बाटली घेऊन.
मा ओट्यावर बसून बान्ह तेत बांधत होती,
उजवा पाय स्टुलावर.
त्या पायाची दोन बोटं टेटच्या आधी गेली.
बावीस वर्षं ओल्या बुटात,
कधी कापलं ते पायाला कळलंच नाही.
दहा घेऊन आले होते, आठ परत नेतेय,
असं ती शेजारणीला सांगते
आणि शेजारीण हसावं की नाही या विचारात पडते.

बाटली उघडून तिने हुंगली.
पुन्हा हुंगली.
"ही आमची कोळंबी?"
हो म्हटलं.
"माझ्या हातांचा वास बावीस वर्षांत गेला नाही,
लिंबू झालं, राख झाली, डिझेलसुद्धा झालं.
तुम्ही तीन दिवसांत घालवलात?"

मी कॉस्टिकबद्दल काही बोलले नाही.

मग म्हणाली, उंदरांना देता, मला कधी?
मी परवानग्या सांगितल्या, वर्षं सांगितली.
ती ऐकत होती की गाठ मारत होती, कळेना.
"तुमचं फुटतं का?"
फुटतं.
"घट्ट बांधत असाल.
तांदळाला फुगायला जागा नसली
की केळीचं पान फाटतं.
सैल बांधलं तर पाणी शिरतं, तेही खरं."
पुढे काय करायचं ते सांगितलं नाही.
चुलीवरचं पातेलं उतू जात होतं.

सोमवारी कॅल्शियम कमी केलं.
तुकडी बत्तीसही फुटली,
पण एक्केचाळीस मिनिटांनी.
चिएत सरांनी वहीत नुसती रेघ मारली.
पुढे दोन तास पोटात टिकायचंय अजून.

रात्री फोन करून सांगितलं.
मा थोडा वेळ गप्प होती,
मागे कुणाची तरी मोटारबोट जात होती.
"एक्केचाळीस मिनिटांत," म्हणाली,
"मी सहा किलो सोलायचे."