रात्रपाळीची लाल शाई

एप्रिल. बाहेर त्रेचाळीस.
नर्सिंग कॉलेजच्या लॅबमध्ये एकच एसी, तोही कॉम्प्युटरांसाठी;
आम्ही अकरा ट्यूटर त्यांच्या पुण्याईनं गार.

शिकवायला रेणुका गाजूल, दोन हजार अकराची बॅच.
पहिल्या इंजेक्शनला हिचा हात थरथरला,
तेव्हा मनगट मी धरलं होतं.
आज माऊस माझ्या हातात,
ती मनगट धरत नाही, नुसती म्हणते,
"मॅडम, सावकाश. दोनदा क्लिक."

हत्तुरेबाईंनी पासवर्ड वहीत लिहिला,
मग पान फाडून पर्सच्या चोरकप्प्यात घातलं.
आम्ही हसलो.
मग एकेक करून आमचीही पानं फाटली.

सरावाला खोटा पेशंट. नाव: चाचणी एक. वय: नव्व्याण्णव.
जेवणाच्या सुट्टीआधी आम्ही त्याला तीनदा मारला
आणि 'पूर्ववत करा' दाबून तीनदा उठवला.
शेंगाचटणी लागलेली बोटं पुसत कुणी म्हणालं,
वॉर्डात हे बटण असतं, तर.

दुपारी मी विचारलं, लाल शाई कुठंय यात?
दिवसपाळी निळी, रात्रपाळी लाल,
इतकी वर्षं हेच तर घोटून घेतलं पोरींकडून.
रेणुका म्हणाली, "रंग लागत नाही, मॅडम.
वेळ ते स्वतःच टिपतं.
दोनची नोंद तुम्ही पहाटे सहाला केलीत
तर दोन्ही दिसतात. दोन पण, सहा पण."

एसीचा तेवढा आवाज.

एक्याण्णव साल. वॉर्ड चार, खाट नऊ.
नरसम्मा, पूर्व भागातली, विड्या वळणारी,
बोटं तंबाखूनं पिवळी, मनगट काडीएवढं.
दहा, दोन, सहा: तिन्ही वेळचा ताप मी पहाटेच लिहिला,
एका बैठकीत, एका लाल पेननं.
शंभर. शंभर. शंभर पूर्णांक दोन.
दोन वाजता मी सतराव्या खाटेशी होते, हे खरं.
नवव्या खाटेशी कुणीच नव्हतं, हेही.
ती जगली, म्हणून कुणी विचारलं नाही.
अक्षर देखणं, म्हणून मेट्रननी तो चार्ट
नमुना म्हणून महिनाभर भिंतीवर लावला.

आमचे नायना जेकार्डची कार्डं ठोकायचे,
भोक असेल तिथं धागा वर, नसेल तिथं खाली.
एक भोक चुकलं की मोराचा डोळा जायचा,
आणि एका चादरीतून नाही,
माग थांबेपर्यंत निघेल त्या प्रत्येक चादरीतून.
मालक चादरीवर ओरडायचा.
नायना चादरीकडे बघायचेसुद्धा नाहीत,
कार्डांच्या माळेवरून बोट फिरवत जायचे,
डोळे मिटून.

पाचव्या दिवशी नमुना पाठ, प्रत्येकीला दहा मिनिटं,
समोर पहिल्या वर्षाच्या मुली.
हत्तुरेबाईंच्या स्लाइडवर अक्षरं उडत उडत आली.
मी फळ्यावर तीन आकडे लिहिले.
शंभर. शंभर. शंभर पूर्णांक दोन.
विचारलं, यातला खोटा कोणता?
कुणालाच सांगता येईना.
मग सांगितलं, कुणी लिहिले ते.

अक्कलकोटची एक बारीक मुलगी उठली,
"पण मॅडम, कॉम्प्युटरलाही थाप मारता येईलच की?"
येईल, म्हटलं.
पुढचं वाक्य मी पाठ करून आणलं होतं, ते आठवेना.
"थर्मामीटर आहे का कुणाकडे?"
उरलेली चार मिनिटं
त्या एकमेकींचा ताप बघत होत्या, घड्याळाकडे बघत होत्या,
मग कळफलकाकडे.

शेवटच्या बाकावर रेणुका, मांडीवर मूल्यमापनाचा फॉर्म.
'वापरलेली तांत्रिक साधने', त्यापुढं रिकामी रेघ.
बराच वेळ ती रेघेकडेच बघत होती.
मग पर्स चाचपली. पेन नव्हतं तिच्याकडे,
आता कोण बाळगतं.

मी माझं दिलं.
टोपण काढल्यावर तिला दिसलं, लाल.